‘उमराव जान’ : कहाणी एक, मते अनेक

२७ जून २०२५ रोजी ‘उमराव जान’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला. मुजफ्फर अली यांचा हा चित्रपट मुळात १९८१ सालचा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि त्याचे पुण्यातील चित्रपट संग्रहालय यांनी जुनी प्रत दुरुस्त करून तो नव्या रूपात समोर आणला. ज्यांनी तो तरुणपणी पाहिला होता, ते आता नातवंडांचे आजी-आजोबा झाले आहेत. त्या नातवंडांपैकी काहींनी तो पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर पाहिला. आणि चित्रपटाबरोबर त्याच्यावरचा जुना वादही घराघरांत परत आला.

हा वाद मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. उर्दू शिकवणारी असल्यामुळे लोक हटकून मला विचारतात, “बाई, तुम्हाला काय वाटतं?” कोणी म्हणते, इतकी शुद्ध आणि गोड उर्दू पडद्यावर पुन्हा ऐकायला मिळाली नाही. कोणी म्हणते, कादंबरी वाचली असेल तर हा चित्रपट अपुरा वाटतो. एखादी वडीलधारी बाई स्पष्ट सांगते, कोठ्याची गोष्ट घरातल्या मुलींना दाखवायची कशाला? एखादा तरुण चिडून विचारतो, मुसलमान म्हटले की नवाब, शायर आणि तवायफ एवढेच सिनेमावाल्यांना दिसते का? यांपैकी एकही मत निव्वळ हट्टाने मांडलेले नसते. प्रत्येकाच्या मागे काही तरी खरे आहे. म्हणून या मतांकडे जरा शांतपणे पाहावे, असे वाटते.

आधी कादंबरी

मिर्झा मुहम्मद हादी ‘रुसवा’ यांची ‘उमराव जान अदा’ ही कादंबरी १८९९ साली प्रसिद्ध झाली. उर्दूतील पहिली खऱ्या अर्थाची कादंबरी म्हणून अनेक जण तिचे नाव घेतात. रुसवा लखनौचे. ते मोठे हरहुन्नरी होते. रुडकीला त्यांनी ओव्हरसियरचे शिक्षण घेतले, काही काळ रेल्वेच्या कामावर काढला, रसायनशास्त्राचा आणि खगोलाचा नाद केला, लखनौच्या कॉलेजात शिकवले. अखेरची वर्षे ते हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागात होते. तिथेच १९३१ साली त्यांचा इंतकाल झाला.

कादंबरीची सुरुवात एका मैफलीने होते. काही मित्र शेर ऐकवत बसले आहेत. शेजारच्या घराच्या खिडकीतून एका शेराला दाद येते. दाद देणारी बाई कोण, याची चौकशी होते. ती उमराव जान असते, आता वय झालेली, धंद्यापासून दूर गेलेली. ती स्वतःही शायरा आहे. ‘अदा’ हा तिचा तखल्लुस. मित्र आग्रह करतात, आपली कहाणी सांगा. मग ती सांगत जाते आणि रुसवा लिहीत जातात.

फैजाबादच्या बहू बेगमच्या मकबऱ्यावर नोकरीला असलेल्या एका जमादाराची ही मुलगी, नाव अमीरन. तिच्या वडिलांनी दिलावर खान नावाच्या गुंडाविरुद्ध साक्ष दिली होती. त्याचा सूड म्हणून त्याने अमीरनला पळवले आणि लखनौला खानम जान नावाच्या बाईच्या कोठ्यावर विकले. तिथे तिला बुवा हुसैनीने सांभाळले, मौलवी साहेबांनी शिकवले, उस्तादांनी गाणे दिले आणि अमीरनची उमराव झाली. नवाब सुलतानवर तिचे प्रेम जडले, पण ते निभले नाही. फैज अलीबरोबर ती कोठ्यातून निघाली, तर तो डाकू निघाला. पुढे कानपूर, मग १८५७ चा हंगामा, आणि फिरत फिरत पुन्हा फैजाबाद.

ही सगळी हकीकत उमराव स्वतःच्या तोंडाने सांगते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रुसवा मधूनच खोचक प्रश्न विचारतात. ती त्यांना तितकेच खोचक उत्तर देते. काही सांगायचे नसेल तर सांगत नाही. शेवटी रुसवा तिला लिहिलेले बाड वाचायला देतात, तेव्हा आधी ती रागावते आणि मग तेच बाड पुन्हा पुन्हा वाचते. एवढ्यावर रुसवा थांबले नाहीत. त्याच १८९९ साली त्यांनी ‘जुनून-ए-इंतजार’ ही छोटी पुस्तिका काढली. तिच्यात उमराव उलट रुसवांचीच प्रेमकहाणी जगापुढे मांडते. तुम्ही माझे सांगितले, आता मी तुमचे सांगते, असा तो प्रकार.

अशी बाई खरोखर होऊन गेली की ती रुसवांच्या कल्पनेतली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण वाचताना वाटते, ती समोर बसून बोलते आहे.

जबान आणि सूर

आता चित्रपटाकडे येऊ. त्यावर जीव टाकणारा पहिला वर्ग भाषेचा आणि संगीताचा आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

चित्रपटाची गीते शहरयार यांची. त्यांचे खरे नाव अखलाक मुहम्मद खान. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात ते उर्दूचे प्राध्यापक होते आणि २००८ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. संगीत खय्याम यांचे. गाणी आशा भोसले यांनी गायिली. आशाताई म्हणजे आपल्या सांगलीच्या. खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले, ही हकीकत दोघांनीही अनेकदा सांगितली आहे. त्यामुळे त्या गाण्यांत ठसका मागे पडला आणि एक थकलेली, खोल गेलेली वेदना आली. या चित्रपटाने आशाताईंना, खय्याम यांना आणि रेखा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले. कलादिग्दर्शनाचा पुरस्कारही याच चित्रपटाला मिळाला.

मराठी प्रेक्षकांना आणखी एक ओळखीचा चेहरा इथे दिसतो. उमरावला शिकवणारे मौलवी साहेब गजानन जागीरदार यांनी उभे केले आहेत, ‘रामशास्त्री’वाले जागीरदार. भूमिका लहान आहे. पण त्यांची बसण्याची पद्धत, सबक देण्याची रीत पाहिली की जुन्या मकतबातले उस्ताद आठवतात.

आपल्याकडे उर्दू पिढीगणिक कमी होत चालली आहे. आजी उर्दू वाचायची, अम्मीला ती समजायची, मुलांना ती फक्त गाण्यात ऐकू येते. माझ्या वर्गातल्या मुलांना ‘जुस्तजू’चा अर्थ सांगायला मला कधी फळ्यावर फार लिहावे लागले नाही, कारण तो शब्द त्यांनी गाण्यांतून ऐकलेला असतो. ‘आप’ म्हणण्यातला अदब, पान पुढे करण्याची रीत, मोठ्यांसमोर आवाज खाली ठेवणे, हे सारे या चित्रपटात दिसते आणि लोकांना ते आपलेसे वाटते. या मंडळींना चित्रपट आवडतो तो हरवलेल्या घराची आठवण म्हणून.

वाचकांची तक्रार

कादंबरी वाचलेल्यांची तक्रार वेगळी आहे. ते म्हणतात, चित्रपटातली उमराव सुंदर आहे, दुःखी आहे, पण कादंबरीतली उमराव कुठे गेली?

कादंबरीत उमराव स्वतःला फार रूपवान समजत नाही. कोठ्यावर रूपाने उजवी होती ती खुर्शीद. पण खुर्शीदला गळा नव्हता. उमरावची किंमत होती ती तिच्या शिक्षणामुळे, गाण्यामुळे आणि शायरीमुळे. चित्रपटात कॅमेरा सतत रेखा यांच्या चेहऱ्यावर, डोळ्यांवर, दागिन्यांवर थांबतो. तो चेहरा विसरता येत नाही, हे खरे. पण पाहणाऱ्याला वाटू लागते की उमराव म्हणजे तिचे सौंदर्य.

दुसरे म्हणजे विनोद. कादंबरीत हसू आणणारे कितीतरी प्रसंग आहेत. खानमची मुलगी बिस्मिल्लाह एका म्हाताऱ्या मौलवीला हुकूम करते आणि तो बिचारा तिच्या शब्दाखातर कडुनिंबाच्या झाडावर चढतो, हा प्रसंग उर्दूच्या वाचकांत प्रसिद्धच आहे. उमराव असे किस्से डोळे मिचकावत सांगते. समाजातल्या शरीफ लोकांचे मुखवटे तिला नीट ठाऊक आहेत. चित्रपटात हा खट्याळपणा जवळजवळ नाही.

तिसरे म्हणजे इन्साफ. कादंबरीत दिलावर खान शेवटी पकडला जातो आणि फाशी जातो. ज्याने एका मुलीचे आयुष्य बरबाद केले त्याचा हिशेब पूर्ण होतो. चित्रपटाने हा धागा शेवटापर्यंत नेला नाही. चित्रपटातली उमराव लुटल्या गेलेल्या रिकाम्या कोठ्यात परत येते आणि आरशावरची धूळ पुसून स्वतःकडे पाहते. तिथे चित्रपट संपतो.

थोडक्यात सांगायचे तर कादंबरीत उमराव बोलते आणि आपण ऐकतो. चित्रपटात ती दिसते आणि आपण पाहतो. मतभेदांचे अर्धे मूळ इथेच आहे. चित्रपटाच्या बाजूने मात्र एवढे म्हटले पाहिजे की सुमारे अडीच तासांत संपूर्ण कादंबरी मावत नाही. दिग्दर्शकाला एक धागा निवडावा लागतो. मुजफ्फर अली यांनी विरहाचा धागा निवडला आणि तो इमानाने विणला.

२००६ मध्ये जे. पी. दत्ता यांनी हीच कहाणी पुन्हा काढली, तेव्हा ऐश्वर्या राय उमराव झाल्या. तीन तासांहून लांब असलेला तो चित्रपट फारसा चालला नाही. लोकांनी कादंबरी बाजूला ठेवली आणि त्याची तुलना १९८१ च्या चित्रपटाशीच केली. एक गंमत मात्र नोंदवण्यासारखी आहे. १९८१ मध्ये खानम जानची भूमिका शौकत कैफी यांनी केली होती आणि २००६ मध्ये ती त्यांच्या कन्या शबाना आझमी यांनी केली. मायलेकींनी पंचवीस वर्षांच्या अंतराने एकच पात्र उभे केले. ‘आमच्या वेळची खानम बरी की तुमच्या वेळची,’ हा वाद आई आणि मुलीच्या दोन पिढ्यांत आजही रंगतो.

“घरात दाखवायचा कशाला?”

आता त्या वडीलधाऱ्या बाईंचे म्हणणे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या सुमारास सातवी-आठवीतल्या मुली या चित्रपटातल्या गाण्यांवर नाच बसवू का, म्हणून विचारायला येतात. घेरदार अंगरखा, केसांत एका बाजूला झुमर, हातावर आलता. त्यांना ते ‘नवाबी ड्रेस’ वाटतात. गाणे कोणत्या जागी, कोणासमोर आणि कोणत्या मजबुरीने गायिले जाते आहे, हे त्यांना माहीत नसते. पालकही टाळ्या वाजवतात. अशा वेळी चित्रपटाला नावे ठेवणाऱ्यांची भीती खरी वाटते. कोठा इतका देखणा केला की त्याच्या जिन्याखालचा अंधार दिसेनासा होतो.

याला उत्तर देणारे म्हणतात की लखनौच्या तवायफा नुसत्या नाचणाऱ्या नव्हत्या. त्या शिकलेल्या होत्या, संगीत आणि जबान त्यांनी जपली, त्यांच्याकडे मालमत्ता होती. हेही खरे आहे. संशोधक वीणा तलवार ओल्डनबर्ग यांनी लखनौच्या १८५८ ते १८७७ या काळातल्या करनोंदी तपासल्या, तेव्हा गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया सर्वांत वरच्या कर भरणाऱ्या गटात आढळल्या. १८५७ च्या लढ्यात बंडखोरांना मदत केली म्हणून इंग्रजांनी ज्यांची मालमत्ता जप्त केली, त्यांतही त्या होत्या. तेव्हा ‘वाईट बायका’ एवढ्या दोन शब्दांत त्यांची बोळवण करणे अन्यायाचे होईल.

पण एक गोष्ट या अभिमानात विसरू नये. अमीरन तिथे स्वतःहून गेली नव्हती. तिला विकले होते. तिच्या बापाच्या खरेपणाची किंमत तिने मोजली. मुलींना गाणे दाखवायचे असेल तर त्याच्या आधीचा तो बैलगाडीतला रात्रीचा प्रवासही दाखवला पाहिजे.

आपण सगळे नवाब होतो का?

तरुणांची तक्रार मला विशेष जवळची वाटते. ‘चौदहवी का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३), ‘पाकीजा’ (१९७२) आणि मग ‘उमराव जान’. हवेली, चिलमन, शेरवानी, मुशायरा. या चित्रपटांना ‘मुस्लिम सोशल’ असे नावच पडले. कोकणातल्या मच्छीमाराचा, मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याचा, मराठवाड्यातल्या शेतमजुराचा यात कुठेच पत्ता नाही. आपल्या घरात मराठी बोलली जाते, भाकरी-ठेचा खाल्ला जातो, आणि बाहेरचे लोक मात्र विचारतात, “तुमच्याकडे रोज शेरोशायरी होत असेल ना?”

ही तक्रार रास्त आहे. पण ती एका चित्रपटाच्या माथी मारू नये. या तरुणांना मी सांगते, मुजफ्फर अली यांचाच १९७८ चा ‘गमन’ पाहा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून मुंबईत आलेला, टॅक्सी चालवणारा एक मुसलमान तरुण, आणि गावाकडे वाट पाहणारी त्याची बायको. नवाब सुलतान झालेले फारूक शेखच तिथे टॅक्सीचालक आहेत. आणि ‘उमराव जान’च्या आधी काही वर्षे आलेला एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ पाहा. फाळणीनंतर आग्ऱ्यात राहिलेल्या, जोड्यांचा कारखाना चालवणाऱ्या घराची ती गोष्ट. त्यातही शौकत कैफी आणि फारूक शेख आहेत. म्हणजे तेच कलावंत साध्या माणसांच्या कहाण्याही सांगत होते. आपण डोक्यावर घेतले ते मात्र झुंबर आणि शेरवानीला. निवड प्रेक्षकाचीही असते.

फैजाबादचा दरवाजा

इतके मतभेद ऐकल्यावर मला एका गोष्टीचे नवल वाटते. चित्रपट आवडलेले, न आवडलेले, दाखवू नये म्हणणारे आणि चिडलेले, सगळे एका प्रसंगाला गप्प होतात. उमराव फैजाबादला येते तो प्रसंग.

१८५७ च्या पळापळीत लखनौ सोडून ती जिथे पोहोचते, ते तिचेच गाव असते. तिला गायला बोलावतात, आणि ते अंगण तिच्याच घरासमोरचे निघते. आई तिला ओळखते. आईचे मन तिला पोटाशी धरायला धावते. पण भाऊ उभा राहतो. घराण्याची अब्रू आहे, लोक काय म्हणतील, यापेक्षा तू मेली असतीस तर बरे झाले असते, हा त्याचा सूर. कादंबरीतही भावाकडून तिला आसरा मिळत नाही. ज्या घरातून तिला उचलून नेले, त्या घराचा दरवाजा तिला बंद होतो.

या प्रसंगावर चर्चा निघाली की लोक भावाची बाजूही घेतात. त्याचा काळ तसा होता, म्हणतात. बिरादरीत त्याला राहायचे होते. त्याच्या मुलींची लग्ने व्हायची होती. हे सगळे समजून घेतले तरी प्रश्न उरतोच. या मुलीचा कसूर काय?

रामदेई आठवा. अमीरनला पळवले तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक मुलगी त्या घरात कोंडलेली होती, ती रामदेई. तिलाही विकले. पण तिला घेतले एका नवाबाच्या आईने. पुढे कानपुरात उमरावला एका बेगमच्या घरी बोलावणे येते. ती बेगम रामदेई असते आणि तिचा नवरा नवाब सुलतान. दोघी एकाच वयाच्या, एकाच पापाच्या बळी. एक परद्यात इज्जतीने बसलेली बेगम झाली, दुसरी तवायफ. दोघींच्या चारित्र्यात फरक नव्हता, फरक होता तो गिऱ्हाइकात. रुसवांनी हा योगायोग उगीच घातलेला नाही. ज्याला आपण घराण्याची इज्जत म्हणतो ती किती वेळा नशिबाच्या अशा धाग्याला टांगलेली असते, हे त्यांना दाखवायचे होते.

आपल्या दीनचे म्हणणे याबाबतीत स्पष्ट आहे. सूरह नूरच्या ३३ व्या आयतीत लाचार मुलींना कमाईसाठी बदकारीवर मजबूर करण्याची सक्त मनाई आहे, आणि ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांच्यासाठी अल्लाहच्या माफीचे आणि रहमतीचे आश्वासन आहे. अल्लाह जिला दोषी धरत नाही तिला दारात उभे न करण्याचा अधिकार भावाला कोणी दिला? तो अधिकार मजहबने दिलेला नाही, मोहल्ल्याने दिलेला आहे. आणि मोहल्ला म्हणजे तुम्ही-आम्हीच.

ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १९४७ च्या फाळणीत दोन्ही बाजूंनी हजारो स्त्रिया पळवल्या गेल्या. त्यांना शोधून परत आणण्यासाठी १९४९ मध्ये आपल्याकडे कायदा झाला. पण शोधून आणलेल्या कितीतरी जणींना त्यांच्याच घरचे घेईनात. त्यांत हिंदू होते, शीख होते, मुसलमान होते. गांधीजींना आणि पंडित नेहरूंना जाहीर आवाहन करावे लागले की या मुली निर्दोष आहेत, त्यांना सन्मानाने घरात घ्या. ज्या पिढीने १९८१ मध्ये हा चित्रपट पाहिला, तिच्यातल्या अनेकांनी असे बंद दरवाजे डोळ्यांनी पाहिले होते.

आजही नोकरीच्या किंवा लग्नाच्या आमिषाने फसवून नेलेल्या मुली परत येतात. पोलीस सोडवून आणतात, कधी त्या स्वतः निसटून येतात. मग गल्लीत कुजबुज सुरू होते. “तिच्या बहिणीचं आता कसं जमायचं?” “आमच्या मुलीला तिच्या शेजारी बसवू नका.” शाळेत असे म्हणणारे पालक येतात. चांगल्या घरचे, नमाजी, शिकलेले. उमरावच्या भावाला नावे ठेवणारेही त्यांत असतात. चित्रपटगृहात डोळे पुसणे सोपे असते, कारण ती मुलगी पडद्यावर असते.

मग पाहायचा कसा?

मला विचाराल तर घरात वाद व्हावा, पण पाहून आणि वाचून व्हावा. लहान मुलांसाठी हा चित्रपट नाही, यावर माझे मत त्या वडीलधाऱ्या बाईंसारखेच आहे. दहावीच्या पुढच्या मुला-मुलींनी मात्र आई-वडिलांबरोबर बसून पाहावा. विशेषतः मुलांनी पाहावा. मुलींना इज्जतीचे धडे आपण रोज देतो. भावाने बहिणीशी कसे वागावे, हा धडा मुलांना कोण देतो?

शक्य असेल तर आधी कादंबरी वाचावी. उर्दू येत नसेल तरी अडत नाही, देवनागरीत छापलेल्या प्रती मिळतात. आजीला उर्दू येत असेल तर तिच्याकडून दोन-चार प्रकरणे वाचून घ्यावीत; आजीलाही कोणीतरी ऐकते आहे याचा आनंद होईल. मग चित्रपट लावावा आणि नंतर चहा घेताना बोलावे. दिग्दर्शकाने काय वगळले? ते का वगळले असेल? उमरावची चूक कुठे होती, आणि जिथे तिची चूक नव्हती तिथेही शिक्षा तिलाच का झाली?

मते वेगळी होतील. आजीला गाणी आवडतील, अब्बांना मौलवी साहेब, मुलीला रामदेई आठवत राहील. मुलगा कदाचित म्हणेल की संथ आहे, कंटाळा आला. म्हणू द्यावे. फक्त फैजाबादच्या त्या प्रसंगाला टीव्ही थोडा थांबवून मुलाला विचारावे, “तू त्या भावाच्या जागी असतास तर काय केलं असतंस?” त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसून त्याला द्यावा. त्याने उत्तर दिले की अम्मी-अब्बांनीही आपले उत्तर त्याला सांगावे.